तबकडीपासून मोबाइलपर्यंत : एका गोष्टीचा प्रवास

गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या गोंडी भाषक गावात पहिलीचा वर्ग चालू आहे अशी कल्पना करा. गुरुजी ‘पाणी’ म्हणतात आणि समोरचे मूल गप्प राहते. पाणी त्याला ठाऊक आहेच. पण घरी ते पाण्याला ‘येर’ म्हणते. मराठी ही त्याची दुसरी भाषा आहे.

गोंडी ही द्राविड कुळातील भाषा, म्हणजे तेलुगू-कन्नडची नातलग. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सुमारे ३० लाख भरली. गोंडीत नामांचे दोन गट पडतात : पुरुषवाचक नामे एकीकडे; स्त्रिया, प्राणी व वस्तू दुसरीकडे. मराठीत मात्र तो, ती, ते अशी तीन लिंगे. तेव्हा मराठी लिंगात अडखळणारे मूल निष्काळजी नसते. घरच्या भाषेचा नियम त्याच्या मनात पक्का असतो.

दोन भाषांतील असे फरक नेमके टिपायचे कसे? जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाने (१९०३ ते १९२८) एक साधी युक्ती वापरली. बायबलमधील उधळ्या मुलाची एकच गोष्ट भाषेभाषेत सांगवून घेतली. गोंडीचा समावेश असलेला चौथा खंड स्टेन कोनो यांनी तयार केला. तो १९०६ मध्ये निघाला. पुढे अनेक भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही घेतले गेले. पण हा प्रवास एकतर्फी होता. माहिती गावातून अभ्यासकाकडे गेली, गावातल्या मुलाच्या हाती काही आले नाही.

परतीची वाट दूरध्वनीने उघडली. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. ठरावीक क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा. संगणक उलट फोन करतो. एक आकडा दाबला की आपले म्हणणे ध्वनिमुद्रित होते, दुसरा दाबला की इतरांचे ऐकता येते. लिहिता-वाचता येण्याची अट नाही, साधा फोन पुरतो. त्यामुळे गोंडीलाही येथे जागा मिळाली.

पुढे ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर गोंडी बालकथा आल्या. तेथे एकच गोष्ट अनेक भाषांत ठेवता येते. ग्रियर्सन यांचीच युक्ती, पण आता वाचक मूल आहे! २०१९ मध्ये धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामस्थांनी तर गोंडी माध्यमाची शाळाच सुरू केली.

तंत्रज्ञानाच्या मर्यादाही विसरून चालणार नाही. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा जंगलातील ज्या गावांत नेटवर्क नव्हते तेथे ऑनलाइन वर्ग पोचणे शक्यच नव्हते. आणि नेटवर्क असले तरी केवळ मराठी धडे पाठवून पहिलीतल्या त्या मुलाचे मौन सुटेल का?

शिक्षकांना एक प्रयोग करता येईल. गावातील एखाद्या आजीची गोंडी गोष्ट, तिच्या परवानगीने, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. ती वर्गात ऐकवा. मग मुलांनाच विचारा, “हे मराठीत कसे सांगाल?” जमेल तेवढे त्यांना सांगू द्या, अडले की शब्द पुरवा. गोंडी न येणाऱ्या शिक्षकालाही हे जमेल. फक्त त्या तासाला काही गोंडी शब्द शिकण्याची पाळी त्याची असेल.