एका आडव्या रेघेचा इतिहास

#थ्रेड

१/८
संगणक अचानक बंद पडतो, तेव्हा त्याच्या नोंदवहीतील शेवटच्या ओळी सर्वांत मोलाच्या असतात. नेमक्या त्याच हरवण्याचा संभवही सर्वाधिक असतो. त्या किती जपायच्या, याच्या निर्णयालाही इतिहास आहे.

२/८
१९८०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन ई-मेल वाहून नेणारा ‘सेंडमेल’ हा प्रोग्रॅम घडवत होते. त्याच प्रकल्पातून नोंदी ठेवणारे ‘सिसलॉग’ जन्मले. पुढे युनिक्सवरील इतर प्रोग्रॅमही आपल्या नोंदी त्याच्याकडे सोपवू लागले.

३/८
फाइलमध्ये लिहिलेली नोंद लगेच डिस्कवर पोहोचतेच असे नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ती आधी मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. कारकुनाने दिवसभर कच्चे टिपण करावे आणि सायंकाळी ते रोजकीर्दीत चढवावे, तसेच हे. मध्येच वीज गेली, तर टिपण नष्ट.

४/८
लिनक्सवरील ‘सिसकेलॉगडी’ने सावध मार्ग पत्करला : प्रत्येक नोंदीनंतर फाइल डिस्कवर उतरवायची. हे सुरक्षित होते, पण संथ. म्हणून एक सवलत ठेवली गेली. मांडणीच्या फाइलमध्ये मार्गाआधी आडवी रेघ (-) दिली, की ही सक्ती टळे.

५/८
डेबियनची जुनी मांडणी या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. ई-मेलच्या सर्वसाधारण नोंदींपुढे रेघ आहे. ई-मेलमधील त्रुटींच्या फाइलपुढे नाही. लॉगिनसारख्या प्रवेशाच्या नोंदींपुढेही नाही. काय गमावले तरी चालेल आणि काय नाही, याची ही यादीच होय.

६/८
२००४ मध्ये राइनर गेरहार्ड्स यांनी सिसकेलॉगडीच्या पायावर ‘आरसिसलॉग’ उभारले. त्याच्या तिसऱ्या पिढीत नियम उलटला : वेगळी सूचना दिल्याखेरीज कोणतीच फाइल सक्तीने डिस्कवर उतरवली जात नाही. २००९ मध्ये डेबियन ५.०ने हेच सॉफ्टवेअर स्वीकारले. मांडणीतील रेघा मात्र तशाच राहिल्या.

७/८
आरसिसलॉगचा स्वतःचाही बफर असतो, मूळ आकार ४ किलोबाइट. नोंदींचा एक गट संपला की तो रिकामा होतो. ही सोय बंद केली, तर वेग वाढतो. पण प्रोग्रॅम कोसळला तरी बफरमधील नोंदी जातात. बफर रिकामा झाला तरी त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीतच पोहोचलेल्या असतात. वीज जाण्यापासून वाचवायच्या, तर त्या फाइलसाठी ‘सिंक’ सुरू करावे लागते.

८/८
म्हणून आजच्या मांडणीत रेघ नसलेली ओळ पाहून ‘ही नोंद सुरक्षित आहे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ते चिन्ह जुन्या नियमाच्या काळातले आहे. साधन कोणत्या काळी, कोणत्या नियमाखाली लिहिले गेले, हा प्रश्न मोडी दप्तराला विचारतो. तोच या फाइललाही विचारायला हवा.