बोईसरचे भंगार आणि पोलादाची वंशावळ

आजचा धागा किल्ल्यांचा नव्हे, ताम्रपटांचाही नव्हे. भंगाराच्या गोदामाचा आहे. घरच्या लहान भट्टीवर सुतारकामाची पटाशी घडवावी, एवढाच माझा छंद. त्यासाठी जुने पोलाद शोधत पालघरहून बोईसरला गेले आणि तराजूपाशीच उमगले की इथे माझी स्पर्धा दुसऱ्या कोणा छांदिष्टाशी नाही, वितळभट्टीशी आहे.

याचा एक धागा १९८२ मध्ये सापडतो. त्या वर्षी जिंदाल समूहाने तारापूर येथील ‘पिरामल स्टील’ हा लघु पोलाद कारखाना विकत घेऊन त्याचे नाव ‘जिंदाल आयर्न अँड स्टील कंपनी’ केले. आजच्या ‘जेएसडब्ल्यू स्टील’चे एक मूळ इथे आहे. मोठे एकात्मिक कारखाने लोहखनिजापासून आरंभ करतात. लघु कारखाने मुख्यतः विजेच्या भट्टीत भंगार वितळवतात. अशा कारखान्याच्या दृष्टीने भंगार हा कचरा नसून कच्चा माल होय. तुकडा पुलाचा होता की नांगराचा, हे भट्टीत शिरताच पुसले जाते.

क्वचित ते पुसले जात नाही. १९६१ साली नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. तिचे काही पोलाद बजाजने घेतले आणि २०१६ मध्ये बाजारात आलेल्या ‘व्ही’ मोटारसायकलच्या टाकीत वापरले. वितळूनही त्या धातूचे नाव टिकले, कारण कोणीतरी त्याची नोंद सांभाळली. (जाहिरातीसाठी का होईना!)

छांदिष्टाला वंशावळ लागते ती वेगळ्या कारणाने. बांधकामाच्या सळईत कार्बन साधारण पाव टक्का. ती कितीही तापवून विझवली तरी पटाशीजोगी धार धरत नाही. मालमोटारीच्या कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याहून अधिक असतो, म्हणून लोहार कोयत्यासाठी पाटा पसंत करतात. खात्री हवी असल्यास तुकडा ग्राइंडरला टेकवावा. कार्बन जास्त असेल तर ठिणग्यांना भरपूर फाटे फुटतात. जुन्या पाट्यात बारीक भेगा असू शकतात, त्या नीट पाहाव्यात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र भट्टीत मुळीच घालू नये. त्याचा धूर घातक असतो.

तारापूर म्हटले की १९६९ चे अणुवीज केंद्र आठवते आणि ‘इथल्या भंगारात किरणोत्सर्ग असेल का?’ असे मित्र हमखास विचारतात. भारतातली या संदर्भातली सर्वांत कुप्रसिद्ध घटना वीजकेंद्राची नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० पोहोचले ते विद्यापीठाने लिलावात काढलेल्या एका जुन्या प्रयोगशाळा-उपकरणातून. एका कामगाराचा त्यात मृत्यू झाला. शिशाचे जड, बंद भांडे किंवा तीन पात्यांचे चिन्ह दिसले, तर हात न लावता दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे.

माझा खरा मोह मात्र वेगळाच होता. ढिगाच्या तळाशी हातभर लांबीचा रुळाचा तुकडा पडला होता. रुळाच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचे नाव आणि वर्ष उठावदार अक्षरांत ओतण्याची नव्हे, लाटतानाच उमटवण्याची रीत आहे. म्हणजे तो लोखंडी शिलालेखच. हा लोहमार्ग १८६४ मध्ये ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे’ने सुरू केला. त्यानंतर रूळ अनेकदा बदलले गेले. या तुकड्यावरची अक्षरे गंजाने निम्मी खाल्ली होती. पावती मागितली, तर गोदामवाला हसला.

१९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायद्यानुसार, चोरीचा संशय असलेली रेल्वेची वस्तू कायदेशीर मार्गाने मिळाली हे बाळगणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. मी तुकडा जागच्या जागी ठेवला. अर्धा कमानपाटा तोलून घेतला, त्याची पावती घेतली. पुढच्या आठवड्यात निदान त्या अक्षरांचा ठसा कागदावर उतरवावा म्हणून परत गेले, तेव्हा ढीग उचलला गेला होता.