रक्तातील जुना करार

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे १६६४ आणि १६७० या सालांतील शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या उभ्या राहतात, नाही तर १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनातील फाटाफूट आठवते. हा इतिहास बखरींतून, वखारींच्या दप्तरांतून आणि वृत्तपत्रांतून वाचावयास मिळतो. परंतु याच सुरतेच्या पूर्वेस, मांडवीवरून सोनगढ-व्याऱ्याकडे जाणाऱ्या डोंगराळ मुलखात, याहून फार जुना असा एक इतिहास जपून ठेवलेला आहे. २००७ मध्ये या मुलखाचा काही भाग सुरतेपासून वेगळा होऊन त्याचा तापी जिल्हा झाला. हा इतिहास कागदावर लिहिलेला नाही. चौधरी, गामीत, वसावा, धोडिया अशा आदिवासी समाजांतील अनेकांच्या रक्तात तो आहे, आणि सिकलसेल या रोगाच्या रूपाने तो आजही प्रकट होतो.

हा इतिहास वाचण्याची किल्ली प्रथम दूर अमेरिकेत सापडली. १९१० मध्ये शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या असल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दोष मुळात पेशीचा नसून तिच्यातील हिमोग्लोबिन या प्रथिनाचा आहे. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी तो दोष नेमका कोठे आहे हे शोधून काढले. हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ अमायनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते. बाकीचे १४५ दुवे जसेच्या तसे असतात.

एका दुव्याने एवढा अनर्थ कसा होतो? प्रथिने एकेकटी राहत नाहीत. ती एकमेकांना धरतात, सोडतात, जुळतात, आणि हे जुळणे त्यांच्या पृष्ठभागावरील खाचा-उंचवट्यांवर अवलंबून असते. हिमोग्लोबिनचा रेणू हाच मुळी चार साखळ्यांचा संसार आहे. या साखळ्या नेहमीच चौघी एकत्र नव्हत्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जोसेफ थॉर्नटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या प्राण्यांतील हिमोग्लोबिनांची तुलना करून चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या पूर्वज-प्रथिनाची रचना अनुमानाने ठरविली व ते प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार केले. ते दोन साखळ्यांचे जोडपे होते. त्यात केवळ दोन बदल करताच दोन जोडपी एकत्र येऊन चौकडी जमली. मोठी नाती जुळून येण्यास निसर्गाला नेहमीच मोठी उलथापालथ लागते असे नाही.

सिकलसेलमध्ये असेच एक नवे नाते जुळले, परंतु ते घातक ठरले. प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनच्या शेजारच्या रेणूवर एक खळगा उघडा पडतो, आणि सहाव्या जागचे व्हॅलीन त्यात नेमके बसते. मग रेणूला रेणू चिकटत जातो आणि चौदा पदरांचा ताठ दोर वळला जातो. सुताच्या आणि जरीच्या सुरतेला दोर वळण्याचे कौतुक सांगावयास नको. पण हा दोर पेशीच्या आत वळला गेला म्हणजे पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि लहान मुलाच्या हाडासांध्यांत असह्य वेदना उठतात.

मग असा घातक बदल पिढ्यानुपिढ्या टिकला कसा? याचे उत्तर हिवतापात आहे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की, ज्याला हा बदल एकाच पालकाकडून मिळाला आहे, त्या वाहकाला हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाचा घातक परजीवी शिरलेली पेशी रक्तवाहिनीला चिकटून राहते, कारण परजीवी आपले एक चिकट प्रथिन तिच्या पृष्ठभागावर मांडतो. वाहकाच्या पेशीत ही मांडणी नीट होत नाही. परजीवीही स्वस्थ बसलेला नाही. आफ्रिकेतील बालरुग्णांच्या अभ्यासातून २०२१ च्या अखेरीस असे दिसून आले की, परजीवींच्या काही जाती या संरक्षणाला चकवू शकतात. एकाने कुलूप बदलावे आणि दुसऱ्याने किल्ली घडवावी, असा हा झगडा चालत आला आहे.

भारतात या गुणाचा शोध १९५२ मध्ये लेमन आणि कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींत लागला. १९५८ मध्ये नागपूरकडील रुग्णांची माहिती शुक्ल व सोळंकी यांनी प्रसिद्ध केली. गुजरातेतील आदिवासींचे रक्तगट आणि हिमोग्लोबिन यांचा अभ्यास व्यास, भाटिया, सुकुमारन, संघवी प्रभृती संशोधकांनी १९६२ मध्ये छापला. पुढे १९८६ मध्ये जनुकाच्या आसपासच्या खुणा तपासून असा निष्कर्ष निघाला की, भारत-अरबस्तानाकडील बदल आफ्रिकेतील बदलाहून स्वतंत्रपणे उद्भवला असावा. या भारतीय प्रकाराबरोबर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही अधिक प्रमाणात टिकून राहते. ते त्या चौदापदरी दोरात बसत नाही आणि दोर वळू देत नाही. म्हणून येथील अनेक रुग्णांत रोग तुलनेने सौम्य असतो. मात्र सर्वांतच तसा असतो असे समजून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे.

हा इतिहास नीट समजणे केवळ विद्वानांचे काम नाही. गुजरात शासनाने २००६ मध्ये दक्षिण गुजरातेत सिकलसेल नियंत्रणाचे काम हाती घेतले, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तीत सात कोटी लोकांची तपासणी योजिलेली आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. विवाहापूर्वी तपासणी करून घेतली तर हे आधीच कळते. परंतु वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न त्या एका चाचणीवरून मोडले जाऊ लागले, तर तपासणीला कोणीही पुढे येणार नाही, आणि औषधापूर्वी लज्जाच घरात शिरेल.

तेव्हा तपासणीच्या चिठ्ठीबरोबर हा इतिहासही घरोघर पोहोचला पाहिजे. ज्या बदलाने वाहक पूर्वजांना हिवतापाच्या मुलखात जगविले, तोच दोन्ही बाजूंनी आला तर लेकराला छळतो. हा कुळाचा कलंक नव्हे आणि कोणाच्या पापाचे फळही नव्हे. मृत्यूशी पिढ्यांनी केलेला तो एक करार आहे. हिवताप ओसरत चालला तरी कराराची किंमत मुले अजून मोजीत आहेत. ती कमी करणे आता निसर्गाच्या नव्हे, माणसांच्या हाती आहे.