तळटीप १४ : सायकल-रुग्णवाहिका

सायकलच्या मागे जोडलेला दोन चाकांचा स्ट्रेचर-गाडा, वर ऊनपावसासाठी आडोसा. ओढणारे गावचेच स्वयंसेवक. झांबियाच्या सेरेन्जे जिल्ह्यात २०१७ पासून झालेल्या प्रयोगात या गाड्याला औषधाची जोड होती. गंभीर मलेरियात मूल बेशुद्ध होते, उलट्या करते, गोळी पोटात राहत नाही. म्हणून गावातच गुदद्वारावाटे आर्टेसुनेट दिले जाई आणि मग सायकल आरोग्यकेंद्राकडे निघे. गंभीर मलेरियाने दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्याही खाली आल्याची नोंद आहे. श्रेय औषधाचे किती, सायकलचे किती, हे वेगळे काढता येत नाही. मूळ मजकुराचा लेखक ते सगळे औषधाला देतो, ते पटत नाही. काँगो, नायजेरिया आणि युगांडातल्या पुढच्या मोठ्या पाहणीत हेच औषध देऊनही मृत्यू घटल्याचे दिसले नाही. तिथे पुढे पाठवलेली कितीतरी मुले दवाखान्यात पोचत नव्हती, पोचलेल्यांनाही पूर्ण उपचार मिळत नव्हते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाचा विस्तार थांबवायला सांगितले, नंतर अटींसह परवानगी दिली.