टेनिस बॉल आपला, पण टेनिस कुणाचं?

जालन्यात 'टेनिस' म्हटलं की पोरांना आधी काय आठवतं? टेनिस बॉल. तो कशाला? तर गल्लीत क्रिकेट खेळायला! त्या बॉलचा मूळ खेळ वेगळाच आहे आणि आपल्याच राज्यात त्यातल्या बायकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, हे किती जणांना माहीत आहे? म्हणून आज हा थोडा इतिहास. पोस्ट लांब आहे, पण घरात मुलगी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात मुंबईपासून. पंडिता क्षमाबाई राव हे नाव संस्कृतच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वर, रामदास, तुकाराम यांची चरित्रं त्यांनी संस्कृत काव्यात लिहिली. या बाई टेनिसही खेळायच्या. त्यांची लेक लीला राव. १९३४ साली लीलाताईंनी विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकला. तिथं सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. लक्षात घ्या, त्या काळात आपल्याकडे मुलीला चौथीपुढे शिकवायचं का, यावरच घरोघरी वाद होते. पण हेही खरं की राव कुटुंब शिकलेलं, सुखवस्तू, मुंबईतलं. रॅकेट हातात येणं हाच तेव्हा नशिबाचा भाग होता.

तेव्हा हा खेळ म्हणजे पोट भरायचं साधन नव्हतं. बायकांसाठी ते नंतर झालं, तेही भांडून. १९७० साली अमेरिकेत बिली जीन किंग आणि आणखी आठ जणींनी पुरुषांच्या तुलनेत मिळणाऱ्या तुटपुंज्या बक्षिसाविरुद्ध बंड केलं आणि एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून आपली वेगळी स्पर्धा खेळली. १९७३ साली त्यातूनच महिला टेनिसपटूंची संघटना उभी राहिली, डब्ल्यूटीए. विम्बल्डनला बाई-पुरुषांना सारखं बक्षीस मिळायला मात्र २००७ साल उजाडलं.

आता आपल्याकडे येऊ. देवगिरी एक्सप्रेस आपल्या स्टेशनातून जाते ना? तिच्या दोन्ही टोकांना हा इतिहास घडलाय. एका टोकाला हैदराबाद. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. तिथं फेब्रुवारी २००५ मध्ये अठरा वर्षांच्या सानिया मिर्झानं अंतिम सामन्यात युक्रेनच्या अल्योना बोंडारेन्कोला ६-४, ५-७, ६-३ असं हरवलं. डब्ल्यूटीएच्या मुख्य मालिकेत एकेरीचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. दुसरी अजून झालेली नाही. आणि हे विजेतेपद तिनं परदेशात नाही, तर ज्या शहरात लहानाची मोठी झाली तिथं, घरच्या लोकांसमोर मिळवलं.

दुसऱ्या टोकाला मुंबई आणि पुणे. २०१२ साली डब्ल्यूटीएनं मुख्य मालिकेच्या खालोखालची '१२५' नावाची पायरी सुरू केली. त्या पहिल्याच वर्षी तिची एक स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली. अंतिम सामना कुणात? अठरा वर्षांची एलिना स्वितोलिना आणि बेचाळीस वर्षांची जपानची किमिको दाते. एकीकडे कॉलेजच्या वयाची पोर, दुसरीकडे तिच्या आईच्या वयाची बाई! पोर जिंकली. हीच स्वितोलिना पुढे दोनदा विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेली. पुण्यात ती स्पर्धा पुन्हा काही झाली नाही.

२०१७ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर तशीच स्पर्धा आली. जिंकली बेलारूसची आर्यना सबालेंका. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आपल्याकडे फारसं कुणी तिला ओळखत नव्हतं. सहा वर्षांत ती जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. २०१८ ला थायलंडची लुक्सिका कुमखुम जिंकली. आणि मग स्पर्धाच थांबली. थेट २०२४ ला परत आली. मधल्या काळात पुण्यात पुरुषांची मोठी स्पर्धा मात्र होत होती. ती झाली याचं वाईट वाटत नाही. बायकांची का नाही झाली, एवढंच विचारतोय.

कुणी म्हणेल, एक स्पर्धा नसली तर काय बिघडलं? बिघडतं. हिशेब समजून घ्या. टेनिसमध्ये क्रमवारी ठरते गेल्या वर्षभराच्या गुणांवर आणि स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो क्रमवारीवर. गुण नाहीत तर प्रवेश नाही, आणि खेळलीच नाही तर गुण येणार कुठून? ही कोंडी फोडायचे दोनच रस्ते. एक, पात्रता फेरी खेळून वर येणं. दुसरा, आयोजकांनी दिलेलं वाइल्ड कार्ड, जे बहुधा यजमान देशाच्या मुलींना मिळतं. स्पर्धा परदेशात असेल तर विमान, व्हिसा, हॉटेल, कोच, सगळा खर्च घरच्यांच्या माथी. पहिल्याच फेरीत हरली तर सगळा तोटा. स्पर्धा घरात असेल तर रेल्वेच्या तिकिटात भागतं.

पुरावा हवा? २०२४ ला मुंबईत आपल्या सहजा यमलापल्लीनं पहिल्या मानांकित कायला डेला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. २०२५ ला कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून आली आणि थेट उपांत्य फेरीत गेली. तिथं तिला हरवणारी जिल टाइखमानच पुढे स्पर्धा जिंकली. दारात स्पर्धा नसती तर नववी-दहावीच्या वयाच्या मुलीला ही संधी कोण देणार होतं?

आणि हे फक्त मोठ्या शहरांचं काम नाही. २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणारी ऋतुजा भोसले श्रीरामपूरला जन्मलेली. श्रीरामपूर म्हणजे तालुक्याचंच गाव.

जालन्याचं म्हणाल तर इथल्या विजय झोलनं भारताच्या १९ वर्षांखालील क्रिकेट संघाचं कर्णधारपद केलंय. म्हणजे मातीत काही कमी नाही. बियाण्याचं गाव आहे हे, बी रुजायला काय लागतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. लीला रावांच्या वेळी रॅकेट मिळणं नशिबावर होतं. नव्वद वर्षांनंतरही ते नशिबावरच राहिलं असेल, तर तो दोष मुलींचा नाही.

मुंबईसारखी स्पर्धा जालन्यात आणा, असं म्हणत नाही. मागणं साधं आहे. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, आपापल्या ठिकाणी जाऊन विचारा: टेनिस कोर्ट आहे का? असेल तर मुलींना रोज किती वेळ मिळतो? नसेल तर यंदाच्या आराखड्यात का नाही? जे उत्तर मिळेल ते खाली कमेंटमध्ये लिहा. सगळी उत्तरं गोळा करून आपण एकच निवेदन देऊ.