मॅट्रिकची 'दुसरी भाषा' आणि तुमचा विषय-निवडीचा अर्ज



सीयूईटीला कोणते विषय टाकू, सीईटीला पीसीएम घेऊ की पीसीबी, असे विचारत वस्तीतली मुले कार्यकर्त्यांकडे येतात, कारण घरात विचारायला कुणी नसते. 'आवडेल ते घे' हा सल्ला मात्र सगळीकडे फुकट मिळतो. ज्यांच्या तीन पिढ्या कॉलेजात गेल्या त्यांना तो परवडतो. आपल्या वाट्याला ही 'निवड' कशी आली, ते जरा पाहू.

मुंबई विद्यापीठ 1857 साली सुरू झाले. मॅट्रिक ही मुळात त्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. तिच्यात इंग्रजीखेरीज 'दुसरी भाषा' असे. कागदावर संस्कृतही होती, फारसीही होती. पण विषय यादीत असणे वेगळे आणि तो शिकवणारा माणूस मिळणे वेगळे.

बाबासाहेबांना संस्कृत शिकायची होती. एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी, मास्तरांचा पगार सरकारी, कायद्याने दार उघडे. तरी अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. मोठ्या भावाच्या बाबतीतही तेच झाले होते. 1907 साली बाबासाहेब 750 पैकी 282 गुणांनी मॅट्रिक झाले. फारसी पुढे बी.ए.पर्यंत सोबत राहिली. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या कष्टाने मिळवली.

गोष्ट इथे संपत नाही. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ 1946 साली आला. संस्कृतवर प्रभुत्व नसलेल्याने या विषयात पडू नये, या आक्षेपाला त्यांना प्रस्तावनेतच उत्तर द्यावे लागले. आधी विषय नाकारायचा, मग तो विषय नाही म्हणून अपात्र ठरवायचे! जातीची ही जुनी चलाखी आहे. तिला गुणवत्ता म्हणतात.

आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1902 साली निम्म्या जागा राखून ठेवल्या, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले, 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना इतरांबरोबर बसवण्याचा हुकूम निघाला. वेगळ्या शाळेत बसवलेल्या मुलापर्यंत विषय पोहोचत नाही, हे महाराजांना कळत होते. मॅट्रिकच्या विषयांची यादी मात्र मुंबईत ठरायची, त्यांच्या दरबारात नव्हे.

आता यादी दिल्लीत ठरते. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला सीयूईटीचा गणिताचा पेपर लागतो. जवळच्या ज्युनिअर कॉलेजात आर्ट्सला गणितच नाही, किंवा ट्यूशनला पैसे नाहीत म्हणून मुलीने ते सोडले, तर तिचा अर्ज अकरावीतच बाद झालेला असतो. नकार द्यायला मास्तरही लागत नाही. ज्या बाबासाहेबांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, त्यांच्या लेकींना अर्थशास्त्राचे दार असे बंद व्हावे! बारावीत नसलेला विषयही सीयूईटीला घेता येतो असे आता सांगतात. पण विद्यापीठे आपली वेगळी अट घालू शकतात, आणि न शिकलेल्या विषयाचा पेपर सोडवायचा कसा?

म्हणून क्रम उलटा करा. आधी कोर्स ठरवा, मग त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात त्या कोर्सला कोणते पेपर सक्तीचे आहेत ते वाचा, आणि त्यावरून विषय घ्या. हे बारावीच्या फॉर्मच्या वेळी नको, दहावीचा निकाल लागताच करा. परीक्षा मराठी माध्यमातून देता येते आणि मराठी हा भाषेचा पेपरही आहे. तुमच्या कोर्सला तो चालतो का, तेही त्याच पानावर पाहून घ्या.