‘समाजस्वास्थ्य’ची प्रश्नोत्तरे आणि शाळा

किशोरवयीन मुलामुलींना प्रजननाचे व तत्संबंधी आरोग्याचे ज्ञान द्यावे की नाही, हा वाद अगदी अलीकडचा आहे असा पुष्कळांचा समज दिसतो. मराठीपुरते बोलावयाचे तर त्याची मुळे शंभर वर्षे मागे जातात आणि त्यांचा शोध आपल्याला एका गणिताच्या अध्यापकापाशी आणून सोडतो.

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले व पुढे त्या विषयावर मराठीत पुस्तकही लिहिले. या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले.

या मासिकातील प्रश्नोत्तरे शिक्षकाने अवश्य अभ्यासावीत अशी आहेत. जे प्रश्न वडीलधाऱ्यांना वा गुरुजींना विचारण्याची सोय नव्हती, ते वाचक येथे विचारीत. आणि कर्वे भीती न घालता, उपदेश न करता, शास्त्राला धरून उत्तरे देत. हस्तमैथुनासारख्या विषयांवरील अशा उत्तरांबद्दलच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लील लिहिणे नव्हे, हा बचावाचा गाभा होता. तथापि न्यायालयाने दोनशे रुपये दंड केला.

मासिक प्रौढांच्या हाती जाई. शाळेतील मूल मात्र अनुत्तरितच राहिले. २००५ साली केंद्र शासनाने माध्यमिक शाळांसाठी किशोरावस्था-शिक्षणाचा कार्यक्रम आखला. २००७ साली महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश व कर्नाटक यांसह अनेक राज्यांनी त्यास मनाई केली. साहित्यातील काही चित्रे आक्षेपार्ह ठरली होती. चित्रांची निवड, मुलांचे वय, पालकांचा विश्वास हे प्रश्न खरेच विचारार्ह आहेत. परंतु चित्र बदलता आले असते, त्यासाठी विषयच बंद करण्याचे कारण नव्हते. २०२० साली केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रजनन-आरोग्य पुन्हा आले आणि प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे ठरले.

येथे अडचण शब्दांची आहे, असे सांगण्यात येते. ते पूर्णतः खरे नाही. गर्भाशय, बीजांड, ऋतुस्राव हे शब्द पाठ्यपुस्तकांत रुळलेले आहेत. उणीव आहे ती वर्गात ते सहजपणे उच्चारण्याच्या सवयीची. परिणामी मुलाच्या कानी एकतर शिवी पडते, नाहीतर परीक्षेपुरती संज्ञा. या दोहोंच्या मधली स्वच्छ, साधी मराठी कर्व्यांनी लिहून दाखविली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांत, जेथे मूल घरची भाषा घेऊन वर्गात येते, तेथे या मराठीची गरज अधिकच आहे. साहित्यसंस्थांनी शिक्षकांच्या साहाय्याने ती वर्गापर्यंत पोचविणे, हे कर्व्यांचे अपुरे राहिलेले काम आहे.